जीव कोठून आला आणि उच्चनीचता कोठून आली?

(एडवण येथे शेतकरी, मच्छीमार व कारागीर मंडळींपुढे एका शाळामास्तरांनी दिलेले व्याख्यान)



पृथ्वीवर पहिला जीव कोठून आला, हा प्रश्न मुले शाळेत मास्तरांना विचारतात आणि घरी आजीलाही विचारतात. शाळेत एक उत्तर मिळते, घरी दुसरे. मग पोराने खरे कोणाचे मानावे? याचा आज शांतपणे विचार करू.

पिढ्यान्‌पिढ्या आपल्या कानांवर पडलेली कथा अशी, की आदिपुरुषाच्या मुखातून ब्राह्मण, बाहूंतून क्षत्रिय, मांड्यांतून वैश्य आणि पायांतून शूद्र निघाले. ही ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे व मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात पुन्हा येते. वेदातील कथेत घोडे, गाई, बकऱ्या यांचीही उत्पत्ती सांगितली आहे. पण आपल्याला घोकविली गेली ती चार अवयवांचीच गोष्ट. का बरे? कारण कोणी वर बसावे व कोणी खाली राबावे, याचा निकाल तिच्यात जन्माआधीच लागलेला आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त या कथेची उलटतपासणी केली. मुखी गर्भ राहिला, तर तो वाढला कोठे? कोणत्याही घरच्या सुईणीने विचारावा असाच हा प्रश्न आहे. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन झाला. पण जोतीराव देव न मानणारे नव्हते. सृष्टीच्या कर्त्याला ते ‘निर्मिक’ म्हणत, आणि त्याने सर्व स्त्रीपुरुष सारख्या हक्कांचे निर्माण केले, असे मानीत. म्हणजे श्रद्धा राखून खोट्या कथेला नकार देता येतो, हे त्यांनी आचरून दाखविले.

आता शास्त्राकडे वळू. सुकत घातलेल्या मासळीवर माशा बसल्या की अळ्या पडतात, हे आपल्या बायकांना ठाऊक आहे. युरोपातले पंडित मात्र एके काळी म्हणत, की कुजक्या मांसातून अळ्या आपोआप जन्मतात. इटलीतील रेडी नावाच्या वैद्याने काही भांड्यांत मांस उघडे ठेवले, काहींवर विरविरीत कापड बांधले. उघड्यात अळ्या झाल्या, झाकलेल्यात झाल्या नाहीत. हे त्याने १६६८ साली छापून प्रसिद्ध केले.

तसेच ताडीचे. झाडावरून उतरविलेला गोड रस काही तासांत फसफसतो. ते काम डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जीवांचे. फ्रान्सच्या पाश्चरने १८६० च्या सुमारास लांब वाकड्या मानेच्या काचपात्रात सूप उकळून ठेवले. वाकड्या मानेत धूळ अडकून राही, म्हणून ते नासले नाही. मान मोडताच नासले. तात्पर्य, आज आपल्यासमोर जो जीव जन्मतो, तो जीवापासूनच जन्मतो.

मग पहिला जीव? डार्विनने १८५९ साली एका जातीच्या प्राण्यांतून निराळे प्राणी लाखो वर्षांत कसे घडतात, हे सांगितले. पहिल्या जीवाचा उलगडा त्यात नव्हता. रशियाचे ओपारिन यांनी १९२४ साली व इंग्लंडचे हाल्डेन यांनी १९२९ साली असे मत मांडले, की प्राचीन काळी निर्जीव द्रव्यांपासूनच हळूहळू जीव घडला असावा. हे हाल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले व १९६४ साली भुवनेश्वरला वारले. १९५३ साली अमेरिकेत मिलर यांनी पाण्याची वाफ आणि काही वायू काचपात्रात कोंडून त्यांत विजेच्या ठिणग्या सोडल्या. काही दिवसांत, प्रथिने ज्यांची बनतात ती अमिनो आम्ले तयार झाली. पण आम्ल म्हणजे जीव नव्हे. निर्जीवापासून जिवंत प्राणी अजून कोणी घडविलेला नाही, आणि शास्त्र ते उघड कबूल करते. पोथी असे कधी कबूल करते काय?

एवढे मात्र शास्त्राने पक्के केले आहे. ऑस्ट्रेलियातील सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्म जीवांच्या खुणा सापडतात. माड, बोंबील, बैल आणि माणूस यांच्या पेशींत आनुवंशिकतेची लिपी एकच आहे. कोणतीही दोन माणसे घ्या, त्या लिपीची हजारांतली सुमारे ९९९ अक्षरे सारखी निघतात. मुखाचे कोण आणि पायाचे कोण, याची खूण तेथे नाही.

हे ज्ञान आपल्या मुलांपर्यंत पोहोचणे सोपे राहिलेले नाही. दिल्लीच्या एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळला, तेव्हा २०२३ साली १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व इतर मंडळींनी त्याविरुद्ध जाहीर पत्र काढले. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ साली निघालेल्या दहावीच्या पुस्तकात तो विषय पहिल्याच धड्यात होता. सधन घरचे मूल गाळलेला धडा दुसरीकडून शिकेल. शेतावर, होडीवर व भात्यावर राबणाऱ्याच्या मुलाला शाळेचे पुस्तक एवढाच आधार असतो. तेथून धडा गेला, की त्याच्या वाट्याला पुन्हा पायांचीच कथा येते.

तेव्हा आशापुरीच्या पाया जरूर पडा, त्याला शास्त्र आड येत नाही. पण जन्मावरून माणसाला खाली लोटणारी कथा कोणी सांगू लागला, तर त्याला ‘कशावरून?’ असे विचारा. मुलांना, आणि मुलींना तर आधी, शाळेत धाडा. त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकात कोणता धडा आहे व कोणता नाही, हे दरवर्षी शाळेत येऊन पाहा. वाचता येत नसेल त्याने मास्तरांकडून वाचवून घ्यावे. तो तुमचा हक्क आहे.