एकदां टोंचून भागत नाहीं

बारसें झालें, जावळ झालें, देवी काढून झाल्या, म्हणजे आईबाप निश्चिंत होत. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस हिंदुस्थानांतील पहिली देवीची लस टोंचली गेली. १९७५ नंतर देशांत देवीचा रोगी आढळला नाहीं. रोग गेला, टोंचणेंहि गेलें. टोंचणें हें बाळपणींचें कर्म, ही समजूत मात्र राहिली.

धनुर्वाताचेंच पाहा. गोवर एकापासून दुसऱ्यास होतो, म्हणून शेजाऱ्याच्या लसीनें आपल्या तान्ह्याचेंहि कांहींसें रक्षण होतें. धनुर्वाताचे जंतु मातींत व शेणांत वर्षानुवर्षें निद्रिस्त राहतात. तेथें साऱ्या गांवानें लस घेतली तरी न घेणारा उघडाच राहतो. हा रोग होऊन जो वांचला, त्यालाहि तो पुन्हां होऊं शकतो. आणि आम्हां राजापूरकरांचा जन्म जातो कोठें? लावणीच्या चिखलांत, शेणखतांत, चिऱ्याच्या खाणींत! करवंदीचा कांटा मोडला, हळद दाबली, कामाला लागले. बहुधा आठवड्या-दीड आठवड्यानें जबडा आवळतो.

बाळपणाची व्यवस्था आज चोख आहे. जन्मतांच क्षय, पोलिओ व काविळीच्या लसी. पुढें दीड, अडीच, साडेतीन महिन्यांस. नऊ महिने भरल्यावर गोवराची. मग दीड व पांच वर्षांच्या सुमारास. गर्भवतीस टोंचल्यानें तिचें संरक्षण पोटांतल्या बाळासहि मिळतें. पांचवी-सहावीच्या पूजेच्या दिवसांतच अर्भकें नेणारा धनुर्वात देशांतून जवळजवळ नाहींसा झाल्याचें २०१५ सालीं जाहीर झालें, तें यामुळेंच.

दहाव्या व सोळाव्या वर्षीं धनुर्वात-घटसर्पाची मात्रा असते. सोळावीची पुष्कळदां राहते. दहावी सुटली कीं मुलगा मुंबईस आणि लसीचें कार्ड माळ्यावर! पुढें दर दहा वर्षांनीं एक मात्रा घ्यावयाची असते. पण तेव्हां बोलवावयास कोणी येत नाहीं.

सर्वांत उघडे आम्ही म्हातारे पुरुष. सर्व मुलांसाठीं लसीकरणाचा सरकारी कार्यक्रम १९७८ सालीं सुरू झाला. त्यापूर्वीं जन्मलेल्या अनेक स्त्रियांस गर्भारपणीं तरी टोंचलें गेलें. पुरुषांपैकीं कित्येकांच्या दंडास पूर्ण क्रम असा लागलाच नाहीं. जखम झाल्यावर घेतलेल्या एका सुईनें तो पुरा होत नाहीं. पहिलीनंतर चार आठवड्यांनीं दुसरी, आणि तिच्यानंतर सहा ते बारा महिन्यांनीं तिसरी लागते. पेरणीपूर्वीं डॉक्टरांस विचारून आरंभ केला, तर पुढच्या लावणीआधीं तिन्ही पुऱ्या होतात.