चष्मा उतरविण्यापूर्वी



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्मय आणि राजकारण यांचा मान मोठा. त्यांच्या पंगतीला आज डोळ्याच्या डॉक्टरला बसविण्याचे धाडस चालकांनी केले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. विषय मात्र घराघरांतला आहे. चष्मा नाही असे घर आज गावात शोधूनही सापडणार नाही. आणि चष्मा कायमचा घालवून देतो, असे सांगणारी जाहिरात वाचली नाही असा चष्मेवालाही सापडणार नाही. अलीकडे या जाहिरातींत एक नवा शब्द आला आहे : ‘कस्टमाइज्ड लेसर’. म्हणजे खास तुमच्याच डोळ्याच्या मापाने बेतलेला लेसर. हा शब्द ऐकला की माणूस निम्मा निश्चिंत होतो. तो शब्द कितपत खरा आहे, आणि त्याच्या आड कोणता प्रश्न विचारायचा राहून जातो, एवढेच आज मला सांगायचे आहे.

प्रथम डोळ्याची रचना थोडक्यात पाहू. आत येणारे प्रकाशकिरण एकत्र आणण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम डोळ्याचा सर्वांत पुढचा पारदर्शक पडदा करतो. त्याला कॉर्निया म्हणतात. उरलेले काम आतले भिंग करते. डोळ्याचा गोळा लांबट असला की प्रतिमा मागच्या पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि दूरचे अंधुक दिसते. हा ‘मायनस’ नंबर. कॉर्निया एका दिशेने अधिक वक्र असला तर आपल्या चष्म्याच्या कागदावर ‘सिलिंडर’ लिहिलेला असतो. चष्मा ही चूक डोळ्याच्या बाहेर दुरुस्त करतो. लेसर ती कॉर्नियाचा आकार बदलून दुरुस्त करतो. हा कॉर्निया मध्यभागी सरासरी ५४० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक. या शस्त्रक्रियेचे सारे भांडवल एवढेच, हे आपण ध्यानात ठेवावे.

हा लेसर डोळ्यापर्यंत कसा पोचला, ती हकिगत मनोरंजक आहे, आणि तिच्यात आपल्या देशाचाही वाटा आहे. मद्रासेत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगास्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत. १९८१ च्या नोव्हेंबरात, सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर अतिनील किरणांचा एक्सायमर लेसर चालविला. छेद स्वच्छ पडला, भोवतालचा भाग करपला नाही. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे त्यांचे सहकारी होते. पुढे १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासह हा प्रयोग कॉर्नियावर झाला. या लेसरचा एकेक ठोका मायक्रॉनच्या सुमारे चौथाई भागाएवढा थर नाहीसा करतो. १९९५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला चष्म्याच्या नंबरासाठी मान्यता दिली.

शस्त्रक्रियेच्या मुख्य पद्धती तीन. पहिलीत कॉर्नियावरची वरची नाजूक त्वचा बाजूला सारून लेसर देतात; तिला पी. आर. के. म्हणतात. तिच्यात चार-पाच दिवस डोळा दुखतो, नजर स्थिर व्हायला वेळ लागतो. पण पापुद्रा कापावा लागत नाही. दुसरी लॅसिक. तिच्यात कॉर्नियाचा पातळ पापुद्रा झाकणासारखा उचलायचा, खाली लेसर द्यायचा आणि पापुद्रा परत बसवायचा. तिसरी स्माइल, तिच्यात आतल्या आत एक चकती कापून ती लहानशा छेदातून बाहेर काढतात. आजचा आपला विषय जो मापाने बेतलेला लेसर, तो मुख्यत्वे पहिल्या दोन पद्धतींत वापरला जातो.

आता हे माप म्हणजे काय? त्याची युक्ती मूळची आकाश पाहणाऱ्यांची. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्टमान या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने दुर्बिणीचे भिंग तपासण्यासाठी भोके पाडलेली तबकडी वापरली. १९७१ मध्ये रोलंड शॅक यांनी भोकांच्या जागी बारीक भिंगांची ओळ बसविली. आणि १९९४ मध्ये हायडेलबर्गच्या संशोधकांनी तिच्या साहाय्याने माणसाचा डोळा मोजला. डोळ्यातून परत येणाऱ्या प्रकाशाचा तरंग कोठे पुढे आहे, कोठे मागे आहे, याचा नकाशा त्यामुळे मिळू लागला. साध्या नंबराच्या पलीकडचे बारीक दोष, ज्यांनी रात्री दिव्यांना शेपट्या फुटतात किंवा तेजोवलय दिसते, ते या नकाशात उमटतात. त्यावरून लेसर चालविण्याला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली. दुसरा प्रकार कॉर्नियाच्या पृष्ठभागाच्या उंचसखलतेचा नकाशा काढून त्यावरून लेसर देण्याचा. तिसऱ्यात आपल्या डोळ्याचा असा वेगळा नकाशा लेसरला दिलेला नसतो. कडेच्या भागात नवा दोष कमी उपजावा अशी सर्वसाधारण योजना त्यात केलेली असते. बाजारात या तिन्हींना ‘कस्टमाइज्ड’ म्हटलेले आढळते. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारावा, की यांपैकी माझ्यासाठी कोणता, आणि तोच का?

या मापाचा उपयोग नाही, असे मी म्हणत नाही. ज्यांचा कॉर्निया पूर्वीच्या शस्त्रक्रियेने ओबडधोबड झाला आहे, किंवा ज्यांच्या डोळ्यात बारीक दोष मुळातच अधिक आहेत, त्यांना त्याचा लाभ होतो. परंतु बहुसंख्य लोकांच्या अंधुकपणाचा फार मोठा वाटा साध्या नंबराचा व सिलिंडरचाच असतो. अशा माणसाला आजच्या कोणत्याही चांगल्या पद्धतीने जवळजवळ सारखीच नजर मिळते. जादा पैशात किती जादा दृष्टी मिळते, याचा हिशेब ज्याचा त्याने विचारून घ्यावा.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. मापाचा सदरा शिवताना कुशल शिंपी शिवणीत थोडी माया सोडतो. अंग भरले तर शिवण उसवून सदरा सैल करता येतो. कॉर्नियातून गेलेला थर मात्र पुन्हा भरून येत नाही. म्हणून माप किती सूक्ष्म घेतले यापेक्षा माया किती उरणार, हे आधी पाहिले पाहिजे. हिशेब सोपा आहे. साडेसहा मिलिमीटर रुंदीच्या भागात एक नंबर उतरविण्यास ढोबळमानाने १४ मायक्रॉन खर्ची पडतात. सहा नंबर असेल तर ८४. लॅसिकचा पापुद्रा ११० चा धरू. ५४० चा कॉर्निया असेल तर खाली ३४६ उरतात, ठीक आहे. पण कॉर्निया ४८० चा आणि नंबर नऊ असेल तर उरतात २४४. आता पापुद्र्याखाली किमान २५० शिल्लक असावेत असा दंडक आहे, आणि पुष्कळ शल्यविशारद ३०० चा आग्रह धरतात. बारीक दोषही पुसायचे ठरविले तर कित्येकदा खर्च आणखी वाढतो. म्हणजे ‘कस्टमाइज्ड’ या शब्दाने जाडी वाचत नाही.

ही माया अपुरी पडली, किंवा कॉर्निया मुळातच दुबळा असला, तर शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी तो पुढे फुगू लागतो. नजर पुन्हा बिघडते, आणि तो दोष चष्म्याने नीट सुधारत नाही. मग फुगणे थांबविण्याचे उपचार, कडक कॉन्टॅक्ट लेन्स, आणि क्वचित दुसऱ्याच्या कॉर्नियाचे रोपण, अशी वाट चालावी लागते. हा प्रसंग विरळा आहे; पण ज्याच्यावर येतो त्याचा डोळा मुळात निरोगी होता, नुसता चष्म्याचा होता, हे विसरता येत नाही. कॉर्निया शंकूसारखा होण्याचा विकार तरुणपणी गुपचूप सुरू होतो. ॲलर्जीने डोळे सतत खाजतात आणि जे ते चोळत राहतात, त्यांच्यात तो अधिक आढळतो. म्हणून कॉर्नियाच्या पुढच्या-मागच्या पृष्ठांचा नकाशा पाहिल्यावाचून कोणी तारीख देऊ लागला, तर तेथून उठावे.

कोणी थांबावे? अठरा वर्षांच्या आतील मुलांनी. वर्षभरात ज्यांचा नंबर अर्ध्याहून अधिक बदलला त्यांनी. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी. मधुमेह आटोक्यात नसलेल्यांनी, सांध्यांच्या आमवातासारखे विकार असलेल्यांनी, डोळे फार कोरडे असलेल्यांनी. कॉन्टॅक्ट लेन्समुळे कॉर्नियाचा आकार बदलतो. म्हणून तपासणीपूर्वी मऊ लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे बंद ठेवावी लागते. चुकीच्या आकाराचे माप घेतले, तर बेतलेला लेसरही ती चूकच इमानाने कोरणार!

येथे आईबापांना एक विनंती आहे. मुलीचे लग्न ठरते, तिथी महिन्यावर येते, आणि मग चष्मा काढण्याची घाई सुरू होते. तारीख मुहूर्तावरून ठरते आणि तपासणी तिच्यामागून फरफटत येते. नंबर स्थिर आहे की नाही, हे पंचांग सांगत नाही. आणि जे स्थळ चष्म्यावरून मोडते, त्याच्यासाठी निरोगी डोळ्यावर शस्त्र चालवावे काय, याचा विचार मुलीला विचारून करावा.

शस्त्रक्रियेनंतर काय होते, तेही स्पष्ट सांगतो. कॉर्नियातले बारीक मज्जातंतू तुटल्यामुळे डोळे कोरडे पडतात. बहुतेकांचे काही महिन्यांत सुधारतात, थोड्यांचे दीर्घकाळ रेंगाळतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लॅसिकच्या रुग्णांना प्रश्नावल्या देऊन एक पाहणी केली. ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पंचाण्णव टक्क्यांहून अधिक लोक आपल्या दृष्टीवर संतुष्ट होते. तरीही ज्यांना आधी वलये, चकाकी, दुहेरी दिसणे यांपैकी काहीच त्रास नव्हता, अशांपैकी ४३ ते ४६ टक्क्यांना तीन महिन्यांनी यांतला एखादा तरी नवा त्रास जाणवत होता. त्याने रोजचे काम अडते असे सांगणारे शंभरात एकाहून कमी होते. दोन्ही आकडे खरे आहेत. जाहिरात पहिला सांगते. तुम्ही दुसराही विचारावा. विशेषतः रात्री ट्रक किंवा एस. टी. चालविणाराने.

आणि लेसरने काय जात नाही? चाळिशी जात नाही. दोन-अडीच मायनस नंबर असलेला माणूस पन्नाशीत चष्मा काढून वर्तमानपत्र वाचतो. लेसरनंतर त्याला तेच वाचायला चष्मा लागतो. लांबट डोळा लांबटच राहतो. म्हणून मागचा पडदा सुटण्याची भीती होती तेवढीच राहते, आणि तो तपासत राहावा लागतो. पातळ झालेल्या कॉर्नियामुळे डोळ्याचा दाब यंत्रावर खरा आहे त्याहून कमी दिसतो. काचबिंदू तपासणाऱ्याला ते ठाऊक असावे लागते. पुढे मोतीबिंदू झाला तर आत घालायच्या भिंगाचे गणितही बदलते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता, जाडी आणि खर्ची पडलेली जाडी हे सारे कागद घराच्या खरेदीखतासारखे जपून ठेवा. वीस-तीस वर्षांनी ते हवे होतील.

तेव्हा डॉक्टरांसमोर बसाल त्या वेळी हे विचारा : माझा कॉर्निया किती जाड आहे? त्यातला किती जाणार, किती उरणार? त्याच्या नकाशात काही संशय आहे काय? माझ्या धंद्याला रात्रीच्या दृष्टीची गरज आहे, ती सांभाळली जाईल काय? आणि शेवटी, मी काहीच केले नाही तर माझे काय बिघडेल? या अखेरच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘काही नाही’ असे असते. कारण ही निकडीची शस्त्रक्रिया नव्हे. योग्य माणसाला ती मोठे सुख देते, हे मी आनंदाने सांगतो. पण ‘तुमच्या डोळ्याला ही नको’ असे सांगणारा डॉक्टर भेटला, तर त्यानेच तुमचे माप नीट घेतले, असे खुशाल समजा.