ओट्याची उंची



दिवाळी उरकली की आमच्या जुन्नर-आंबेगावात गवंड्यांना उसंत नसते. पाऊस सरलेला असतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोनं साथ दिली असेल तर घरात दोन पैसे असतात. मग वर्षभर पुढं ढकललेला विषय बायका पुन्हा काढतात, की स्वयंपाकघराचं काहीतरी करा. पुरुषमंडळी फरशीच्या दुकानात जातात. रंगावर, चकाकीवर, भावावर खल होतो. ओटा किती उंच हवा, हे मात्र कुणी विचारत नाही. ते गवंडी ठरवतो. आणि गवंडी कसं ठरवतो? मागच्या घरी बांधला, तेवढाच.

आज मला बोलायचंय ते या उंचीबद्दल. स्वयंपाकघर दुरुस्तीला काढलं की सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट हीच आहे, असं मला वाटतं. आमच्या मळ्यातल्या घराचं स्वयंपाकघर आम्ही अलीकडेच पाडून नव्यानं बांधलं, त्यामुळं विषय ताजा आहे.

जुनं स्वयंपाकघर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेलं असेल. दगडमातीची जाड भिंत, वर मंगलोरी कौलं, त्यांत एखादं काचेचं, म्हणून तेवढाच उजेड. कोपऱ्यात चूल, तिला लागून वैल. एका जाळावर दोन कामं. तव्यावर भाकरी आणि वैलावर रटरटणारं कालवण. सगळा कारभार जमिनीलगत, बसून. काथवट खाली, विळी खाली, पाटा-वरवंटा खाली. भाकरी थापणारी बाई काथवटीवर ओणवी व्हायची आणि तिच्या हाताला सगळ्या अंगाचा जोर मिळायचा.

धुरानं बायकांच्या डोळ्यांचं आणि छातीचं किती नुकसान केलं, ते वेगळं सांगायला नको. त्याचं कौतुक करायला मी बसलेली नाही. पण त्या धुराकडं घरातली आणखीही कामं होती. चुलीवर दोरीला बियाण्याची कणसं नि लसणाच्या जुड्या टांगलेल्या असत. धुरामुळं त्यांना कीड लागत नसे. वाशांना, बांबूला भुंगा धरत नसे. पश्चिमेला, आहुपे-भीमाशंकरच्या डोंगरात पाऊस महिनोन्महिने हटत नाही. तिथं महादेव कोळ्यांच्या घरांना कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या भिंती. ओलं सरपण चुलीवरच्या माळ्यावर टाकून वाळवायचं, धान्यही तिथंच. घर कोरडं ठेवायचं काम चूलच करायची. म्हणून गॅस आला आणि धूर गेला, तेव्हा ही सगळी कामं कुणीतरी अंगावर घ्यायला हवी होती. बियाणं कुठं ठेवायचं, सरपण कुठं वाळवायचं, याचा विचार कुठल्याच नव्या नकाशात नव्हता.

गॅसबरोबर ओटा आला आणि बाई उभी राहिली. पाठ सरळ झाली, गुडघे सुटले. फार चांगलं झालं. पण हा उभा ओटा मुळात कुठल्या घरासाठी तयार झाला, तेही बघू या. 1926 साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखलं. जेमतेम 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब. अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरं तिथं बसवली गेली. आज दुकानात ज्याला मॉड्युलर म्हणतात, त्याची पणजी ती. बाईंनी पावलं मोजली, हात कुठवर पोचतो ते मोजलं. गंमत म्हणजे त्याआधी आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय! तरीही त्यांनी खिडकीखाली बसून काम करायला एक टेबल दिलं होतं आणि त्यापुढं फिरतं स्टूल. आपल्याकडं नक्कल पोचेपर्यंत ते स्टूल कुठंतरी गळालं. नुसतं उभं राहणं तेवढं आलं.

आणि ते स्वयंपाकघर होतं एकटीनं राबण्यासाठी. आमच्याकडं पाहुणे आले की मासवडी होते. बेसनाचं पीठ घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर गरम असतानाच थापायचं, वर तीळ, सुकं खोबरं, परतलेला कांदा-लसूण यांचं सारण पसरायचं, फडक्याच्या आधारानं गुंडाळी करून दाबायची, मग वड्या कापायच्या. तोवर दुसरीकडं रश्श्याला उकळी हवी. पीठ गार व्हायच्या आत हे सगळं व्हावं लागतं, म्हणून त्याला दोन-तीन जणी लागतात. दोन हातांच्या बोळकांडीत मासवडी होत नाही, भांडण होतं.

तर आमच्या घरी गवंडी आला. त्यानं विचारलं, "वहिनी, चौतीस इंची धरू ना?" मी काही बोलायच्या आत आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पुढं झाल्या. म्हणाल्या, "चौतीस इंचावर आधी तू भाकर थापून दाखव." गवंडी हसला. पण आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी अंगणातल्या विटा रचायला लावल्या, वर फळी टाकली आणि काथवट मांडली. मग घरातली एकेक जण उभी राहिली. एक थर कमी कर, एक वाढव, असं करत प्रत्येकीची उंची ठरली.

त्यातून जे कळलं ते कुणालाही पडताळून पाहता येईल. भाजी चिरायची तर ओटा कोपरापेक्षा तीन-चार इंच खाली हवा. साधारण पाच फूट उंचीच्या बाईला म्हणजे चौतीस इंच. इथवर गवंडी बरोबर. पण भाकरी थापताना हाताचा जोर खांद्यातून खाली यायला हवा, म्हणून तिथं अठ्ठावीस-तीस इंचच बरे. शेगडीचंही तसंच. शेगडीची स्वतःची उंची चार-पाच इंच, तीवर पातेलं. चौतीस इंचावर ठेवली तर पिठलं घोटताना हात खांद्याएवढा वर जातो. दहा माणसांचं पिठलं रोज असं घोटून बघा, महिन्याभरात खांदा बोलायला लागतो. आम्ही शेवटी ओटा दोन उंचींचा केला. शेगडी आणि काथवट ठेवतो तो भाग खाली, खिडकीजवळ, बाकीचा वर. शेजारच्यांना तो चुकून खचल्यासारखा वाटतो. वाटू दे.

गॅसवर स्वयंपाक सुरू केलेल्या जुन्या घरांत आणखी एक गोष्ट नजरेआड होते. जुन्या स्वयंपाकघरातली हवेची वाट वर असते, कारण धूर वर जातो. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड. गळला तर तो खाली जमिनीलगत साचतो. तेव्हा वरचं धुराडं त्याच्या कामाचं नाही; जमिनीच्या पातळीला बाहेर उघडणारी जाळी लागते. उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली आणि गॅस वाड्या-वस्त्यांवर पोचला. त्यातल्या कितीतरी घरांत तो चुलीसाठी बांधलेल्या बंद खोलीतच जाऊन बसला. भिंतीला तळाशी एक भोक पाडायला फारसा खर्च येत नाही. सिलिंडर उभा ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर ठेवा आणि रात्री रेग्युलेटर बंद करा.

आता चुलीचं काय? आमची चूल गेली नाही, मागच्या पडवीत गेली. आंघोळीचं पाणी तिच्यावर, मजूर असतील तेव्हाच्या भाकरी तिच्यावर, आणि बाजरीची भाकरी चुलीचीच, यावर आमच्याकडं चर्चा होत नाही. पण मागची पडवी म्हटली की आमच्या भागात दुसरा विचार करावा लागतो. उसाची शेतं घराच्या भिंतीला भिडलेली आणि उसात बिबट्या. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, ते काही हौसेनं उभं राहिलेलं नाही. पूर्वी रात्रीची भांडी परसात घासत, सरपण काढायला अंधारात जात. आता आम्ही मोरी आत घेतली, पडवीला छपरापर्यंत लोखंडी जाळी ठोकली, सरपणाचा ढीग जाळीच्या आत आणला आणि परसात दिवा लावला. शोभेपेक्षा हे आधी. घराचा नकाशा काढणाऱ्या माणसानं पहिल्यांदा विचारावं, की अंधार पडल्यावर बाईला कशाकशासाठी दाराबाहेर जावं लागतं.

जिनसांबद्दल थोडं. जुन्या घराची माती आपल्याच शिवारातली, दगड आपल्याच डोंगराचा काळा पाषाण. नव्या घरात शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादची, कडप्पा आंध्रातल्या कडप्याचा, भिंतीच्या टाइल्स बहुधा गुजरातेतल्या मोरबीच्या. चांगल्या आहेत, पण त्यांचे स्वभाव ओळखून घ्यावेत. कडप्पा हा चुनखडीचा दगड. त्याला आंबट सोसत नाही. चिंच, लिंबू, टोमॅटोचा रस सांडून राहिला की त्याची चकाकी जाते आणि परत येत नाही. ज्या तालुक्यात घरात टोमॅटोचे क्रेट रचलेले असतात, तिथं ओट्याला ग्रॅनाइट बरा. कडप्पा मांडणीच्या फळ्यांना वापरावा, तिथं तो वर्षानुवर्षं टिकतो. जमिनीला चकचकीत टाइल नको. पाणी सांडतं, आणि घरात म्हातारी माणसं असतात. पाटा-वरवंटा टाकू नका. मिक्सर वाटतो झटपट, पण वीज रोज आपल्या वेळेला असेलच असं नाही.

आणि साठवणीला जागा. दुकानातल्या पुस्तकात चमच्यांना वेगळा खण, झाकणांना वेगळा खण. आमच्या घराला लागते बाजरीच्या पोत्यांना जागा, वर्षाचं तिखट, कुरडया-पापडांचे डबे, दुधाच्या किटल्या आणि दहा-पंधरा माणसांच्या चहाचं पातेलं. कांदा बराखीत राहतो, पण रोजचा टोपलीभर आत लागतोच, आणि त्याला वारा लागतो. बंद खणात तो सडतो. म्हणून आम्ही ओट्याखाली दारं लावलीच नाहीत, अर्धी जागा जाळीच्या फळ्यांना दिली.

हे सगळं बोलताना एक गोष्ट मनात येते, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या पूर्व भागात स्वयंपाकघरं नव्यानं बांधायला पैसे आले ते पाण्यामुळं. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. यातलं डिंभे घोड नदीवर. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. या जलाशयात खुद्द आंबेगाव हे गाव गेलं. तालुक्याला नाव राहिलं, कचेऱ्या घोडेगावात, गाव पाण्याखाली. तिथल्या आणि भोवतालच्या वाड्यांतल्या बायकांनीही नवी स्वयंपाकघरं उभारली, पण ती कुणाला हौस आली म्हणून नव्हे. चूल कुठं मांडायची हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्या ओट्याला आज ग्रॅनाइट लागतो त्यात त्यांचाही वाटा आहे, एवढं तरी आपण जाणून असावं. आणि ज्यांना निवड करता येते, त्यांनी ती घरातल्या बायकांच्या हातात द्यावी.

त्याला फार काही लागत नाही. भिंत पाडण्याआधी दहा-वीस विटा रचा, वर फळी टाका, थोडं पीठ भिजवा. घरात जी जी भाकरी थापते तिला उभं करा आणि गवंड्याला शेजारी उभं राहून बघू द्या. ज्या आजीला उभं राहवत नाही, तिच्यासाठी खिडकीशी एक खालची जागा राखा; भाजी निवडायला ती तिथं आनंदानं बसेल. आणि हो, घरातल्या पुरुषांचंही माप घ्या. त्यांचं कोपर जरा वर येतं. ते रोज ओट्याशी उभे राहणार असतील, तर ओटा खुशाल दोन इंच वाढवा. आम्ही पायाखाली पाट घेऊ, तक्रार करणार नाही.