‘जुलाब’ शब्दाचे कुळ



विषयाचे नाव ऐकून काहींनी नाकाला रुमाल लावला असेल; परंतु शब्दांचा अभ्यास करणाऱ्याला शिसारी बाळगून चालत नाही.

इंग्रजीतील ‘लॅक्सेटिव्ह’ हा शब्द लॅटिन ‘लाक्सुस’ म्हणजे सैल, ढिला, याचा वंशज. ‘रिलॅक्स’ त्याचाच भाऊबंद. चौदाव्या शतकात चॉसरने तो एका कोंबडीच्या तोंडी घातला. दुःस्वप्नाने भ्यालेल्या पतिराजांना ती पोट साफ करण्याचा सल्ला देते! ‘पर्गेटिव्ह’चा मूळ अर्थ मात्र शुद्ध करणारे.

आपल्या शास्त्रकारांनी हा भेद अधिक बारकाईने केला आहे. शार्ङ्गधरसंहितेत चार प्रकार सांगितले आहेत : अनुलोमनाला हिरडा, स्रंसनाला बहावा, भेदनाला कुटकी आणि रेचनाला निशोत्तर. ‘स्रंस्’ म्हणजे सैल होऊन गळणे. लॅटिन शब्दातील कल्पना ती हीच! मराठी व्यवहाराने मात्र हा शब्द सोडला. ‘सारक’ आणि ‘रेचक’ तेवढे राखले. सारक पुढे सरकवते, रेचक रिकामे करते. ‘रिक्त’, ‘अतिरेक’ आणि प्राणायामातला रेचक ही सारी एकाच धातूची लेकरे. ‘लॅक्सेटिव्ह’ला सरसकट ‘रेचक’ म्हणणे मला पटत नाही. तेथे ‘सारक’च शोभतो.

बोलीत राज्य ‘जुलाबा’चे. फारसी ‘गुल’ म्हणजे फूल, ‘आब’ म्हणजे पाणी. ‘गुलाब’ म्हणजे मुळात गुलाबपाणी. अरबी वर्णमालेत ‘ग’ नाही, म्हणून तेथे त्याचा ‘जुलाब’ झाला आणि अर्थ झाला गोड सरबत. युरोपात गेलेला ‘ज्यूलेप’ गोडच राहिला. इकडे कडू औषधाच्या संगतीने या सरबताचे नाव त्या औषधालाच चिकटले असावे. आपल्या हैदराबादेतील युनानी हकिमांच्या परिभाषेत सौम्य औषध ‘मुलय्यिन’, म्हणजे मऊ करणारे, आणि तीव्र ते ‘मुसहिल’. तेथे घोटाळा नाही.

घोटाळा मराठीत आहे. औषधही जुलाब आणि व्याधीही जुलाब! ‘जुलाबाचे औषध द्या’ म्हणजे जुलाब करणारे की थांबवणारे? पाणी कमी होऊन सुकलेल्या तान्ह्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न व्याकरणाचा राहत नाही, जिवाचा होतो. बाटलीवर मराठी मजकूर लिहिणाऱ्यांनी एकीवर ‘सारक’ आणि दुसरीवर ‘जुलाब थांबवण्यासाठी’ असे स्पष्ट लिहावे, एवढीच माझी विनंती आहे. ‘अतिसार’ म्हणावे, तर तोही ‘सारका’च्याच धातूचा, घाईत वाचणाऱ्याला तेवढाही सारखेपणा पुरतो.