गूळ आमचा, हिशेब कोणाचा?
(गुऱ्हाळवाल्या शेतकऱ्यांच्या सभेंत दिलेलें भाषण)



गूळ आपल्या प्रत्येकाच्या घरांत आहे. पण गुळाचा हिशेब किती घरांत आहे, हें विचारण्यासाठीं आम्ही आज उभे आहोंत.

छत्रपती शाहू महाराजांनीं १८९५ सालीं कोल्हापुरास शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली व ती गुळाची मोठी पेठ झाली. २०१४ सालीं कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकन मिळालें. दुसऱ्या मुलखाचा गूळ ह्या नांवानें विकण्यास कायद्याची आडकाठी आली. नांव मोठें झालें. पण ज्यांच्या घामानें झालें, त्यांच्या गांवांतलीं चुलवाणें मात्र एकामागून एक थंड पडत आहेत. ह्याचें कारण काय?

१०० किलो ऊस गाळावा तेव्हां साधारण १० ते १२ किलो गूळ हातीं येतो. त्याला ऊस तोडणाऱ्याचे, चिपाडाचा जाळ घालणाऱ्याचे व पाक ओळखणाऱ्या गुळव्याचे हात लागतात. काहील दुरुस्त करणारा लोहारही त्यांत आलाच. एवढें करून आपण ३० किलोचा रवा बाजारांत नेतों आणि सौद्याला निघेल तो भाव घेतों. पुढें तो रवा कोठारांत राहतो, फुटतो, त्याच्या किलोकिलोच्या पुड्या होतात, चिक्की होते. पायरीगणिक किंमत चढते. पण त्या पायऱ्या आपल्या गांवांत नाहींत. भुईमूग आपला, गूळ आपला, आणि पोरांसाठीं चिक्की आपण दुकानांतून विकत आणतों!

कोणी म्हणेल, माल धरून ठेवा. कसा धरावा? हंगामाआधींच अडतीवरून उचल घेतलेली असते; ज्याची उचल, त्याच्याच दारांत माल. शिवाय पावसाळ्यांत गूळ ओल धरून पाझरतो. म्हणून उचल व कोठार ह्या दोन गोष्टी आधीं आपल्या हातीं याव्यात. यंत्रें व छापील पिशव्या मागाहून.

आपली चूकही झांकूं नये. गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा, म्हणून कित्येक ठिकाणीं पाकांत हायड्रोसची पूड प्रमाणाबाहेर पडते. कोठें कोठें साखरही मिसळते. भेंडीच्या चिकट रसानें मळी काढण्याची रीत आपल्या वडिलांना ठाऊक होती. तो गूळ रंगानें काळसर दिसेल, पण खाणाराला फसविणार नाहीं. लबाडी एकाची, बदनामी साऱ्या गांवाची, हें ध्यानांत ठेवावें.

२००२ सालच्या कायदेदुरुस्तीनें १० उत्पादकांनाही आपली कंपनी काढतां येते. एका गुऱ्हाळाभोवतीं दहा माणसें मिळणार नाहींत काय? त्यांनीं एकच वजन, एकच कस ठरवावा. किलोच्या भेल्या व काकवी स्वतः भरावी. बायांनीं चिक्कीचें काम हातीं घ्यावें आणि त्याचा पैसा त्यांच्याच नांवें जमा व्हावा. गुळव्या व लोहार ह्यांस नुसती मजुरी नव्हे, नफ्यांतला ठरलेला वाटा द्यावा. हिशेब दर महिन्यास चावडीवर वाचावा. न वाचलेल्या हिशेबानें आपल्याच संस्था आपल्याच माणसांनीं बुडविल्या आहेत.

हें एका हंगामांत होणार नाहीं. पण येत्या हंगामाआधीं एक काम प्रत्येकानें करावें: एका रव्याला आपला खर्च किती बसतो, तें घरांत बसून, बायकोला विचारून, कागदावर मांडावें. तो कागद घेऊन पुढच्या सभेस यावें. ज्याला आपला खर्च ठाऊक नाहीं, त्याचा भाव दुसराच ठरवितो.