मिरची, चरबी आणि हृदय
(आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



आमच्या चाळीतील एक गृहस्थ मला म्हणाले, "सर, ब्लडप्रेशरची गोळी बंद केली. रोज चार हिरव्या मिरच्या खातो. रक्त पातळ होते, वजनही उतरते." हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते. त्यातील अर्धी गोष्ट खरी होती, म्हणूनच हा विषय आज घेतला.

मिरची मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती आपल्याकडे आली. त्यापूर्वी तिखटाला मिरी होती. मिरचीचा तिखटपणा कॅप्सायसिन या द्रव्याचा. ते बियांत असते असा आपला समज आहे, पण ते तयार होते बिया धरून ठेवणाऱ्या आतल्या पांढऱ्या भागात. मिरचीने तोंड खरोखर भाजत नाही. मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारे एक प्रथिन असते, त्यालाच कॅप्सायसिन चिकटते आणि 'भाजले' असा निरोप मेंदूला जातो. हे प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधले. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

या निरोपामुळे शरीर थोडी जास्त उष्णता निर्माण करते, म्हणजे साठवलेली ऊर्जा जळते. पण किती? प्रयोगांचा गोषवारा पाहिला तर दिवसाला सुमारे पन्नास कॅलरी. एका लहान चपातीहूनही कमी! आणि अनेक प्रयोगांत मिरची नव्हे, कॅप्सूल दिलेली होती. आमच्या घरी तर ठेचा असला की भाकरी एक जास्तच जाते. मग चरबी उतरणार कशी?

आता हृदय. चीनमध्ये सुमारे पाच लाख लोकांचा अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. जवळजवळ रोज तिखट खाणाऱ्यांत मृत्यूचा धोका १४ टक्के कमी आढळला. इटलीतील २२,८११ लोकांच्या अभ्यासात (२०१९) आठवड्यातून चारपेक्षा अधिक वेळा मिरची खाणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू ३४ टक्के कमी दिसले. आकडे मोठे आहेत. परंतु विद्यार्थी मित्रांनो, येथे थांबा. ही केवळ निरीक्षणे आहेत. मिरची खाणारा आणखी काय खातो, किती चालतो, हा फरक हिशेबातून पूर्णपणे वजा होत नाही. मिरचीमुळेच ते वाचले, असे यातून सिद्ध होत नाही. गोळीऐवजी मिरची खा, असे तर त्या संशोधकांनीही म्हटलेले नाही.

आणि आपल्या घरातली मिरची एकटी येते कुठे? माझे वडील गिरणीत होते. महिनाअखेरीस भाजी नसायची, तेव्हा भाकरीवर ठेचा आणि खारवलेला बोंबील. त्या काळी ती आवड नव्हती, नाइलाज होता. पण त्याबरोबर मीठ किती जायचे! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराच्या आत, मीठ सांगते. ठेचा, लोणचे, पापड, सुकी मासळी मिळून ती मर्यादा केव्हाच ओलांडते, आणि मीठ रक्तदाब वाढवते.

ते गृहस्थ आज सकाळी याच शिबिरात आले होते. रक्तदाब निघाला १७० वर १००. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. जाताना त्यांनी मला विचारले, "मग मिरची सोडू का?" मी म्हटले, "पोट तक्रार करत नसेल तर खा. ठेच्यात मीठ मात्र चिमूटभरच घाला, आणि पुढच्या आठवड्यात परत मोजायला या."