न टोचणारी लोकर



“लोकर टोचते बाई!” ही आपली सर्वांचीच तक्रार. माझ्या सासूबाईंना दमा. तरी थंडीत स्वेटर अंगाला लागू देत नसत. मुलाने मेलबर्नहून मेरिनोची बंडी आणली, तेव्हा कुठे त्यांनी सबंध हिवाळा उबेत काढला.

जाड लोकरीचे टोक कातडीला बोचते. मेरिनोचा तंतू सुमारे २० मायक्रॉनचा, आपल्या केसाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका. त्याचे टोक बोचण्याआधीच वाकते. ही मेंढी मूळची स्पेनची, १७९७ साली ऑस्ट्रेलियात पोचली. ही लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश ओल पिते, तरी हाताला ओली लागत नाही. घामाचा वासही लवकर धरत नाही.

पुढल्या वर्षी मात्र मी ती बंडी कढत पाण्यात, सोडा घालून, चांगली घासून धुतली. तंतूंचे खवले एकमेकांत अडकले आणि बंडी नातवाच्या मापाची झाली! सासूबाई काही बोलल्या नाहीत; तेच मला अधिक लागले. आता मी कोमट पाण्यात रिठा कालवून हलक्या हाताने दाबते, न पिळता सावलीत आडवी पसरते. पण दुसरी बंडी येईपर्यंत पौष उलटून गेला होता.